जुळणीचा दिवस

द्वादशीची सकाळ. मुगाचं वरण शिजवून निवत ठेवलेलं, समईतली वात सारखी केलेली, पारण्याची सगळी तयारी झालेली. आणि देवघराशेजारच्या कोनाड्यातला, जेवणाच्या डब्याएवढा सर्व्हर मात्र काही केल्या उठत नव्हता. त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा लागायचा, जरासा थरथरायचा आणि विझायचा. अनघा कोनाड्यासमोर पाटावर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई पोथी वाचते आहे.

"झालंच हं बाबा," ती मागे न बघता म्हणाली. "अपग्रेड नीट संपलंय. आता नुसते नखरे चाललेत."

बाबा काही बोलले नाहीत. बोलणार कसे? त्यांचा आवाज त्या डब्यात होता.

वामनबुवा पेठकर म्हणजे मिरजेतल्या नारदीय कीर्तनाचा एकेकाळचा भरदार गळा. पूर्वरंगात तत्त्व असं सोपं करून सांगायचे की भाजी घेऊन जाता जाता देवळात टेकलेली बाई पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहायची, आणि उत्तररंगात आख्यान लावलं की तिला घरची आमटी आठवायची नाही. पुढे मज्जातंतू झिजवणारा आजार आला. आधी चिपळ्या हातातून निसटल्या, मग पायांनी रजा घेतली, मग जीभ जड झाली. गळा शेवटी गेला. जाताना अगदी सावकाश, ओळखीच्या पाहुण्यासारखा, दारात रेंगाळत गेला. आता बुवा चाकाच्या खुर्चीत असत, पोटातल्या नळीतून अन्न जाई, आणि शरीरात त्यांच्या हुकमात राहिल्या होत्या त्या फक्त दोन पापण्या. एकदा मिटली की होय. दोनदा मिटली की नाही.

तरीही बुवा बोलत असत. गेली काही वर्षं व्यवस्थित, त्यांच्याच आवाजात, टोमण्यांसकट बोलत असत. ते कसं, हे जरा समजून घ्यायला हवं.

माणूस बोलतो तेव्हा मेंदूतला एक लहानसा भाग ओठांना, जिभेला, टाळूला हुकूम सोडतो. बुवांच्या आजारात हुकूम सोडणारा शाबूत होता, हुकूम पोचवणारा रस्ता उखडला होता. मग मेंदूच्या त्या भागावर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी बसवायची, निघालेला हुकूम तिथेच पकडायचा, आणि कानामागच्या चकतीतून बाहेर पाठवायचा. या उपकरणाला वाचासेतू म्हणत. प्रत्येक ध्वनीच्या हुकमाचा एक ठसा असतो, आणि कुठला ठसा कुठल्या ध्वनीचा याचा नकाशा माणसागणिक वेगळा. बुवांचा नकाशा त्यांची जीभ चालत होती तेव्हाच तयार करून ठेवला होता. तोंडाने शब्द म्हणायचा, जाळीने ठसा टिपायचा. अनघाने कितीतरी दुपारी त्यांच्यासमोर बसून त्यांच्याकडून वाक्यांमागून वाक्यं वदवून घेतली होती.

पण मेंदू काही दगडाची शिळा नाही. ओढ्याचं पात्र जसं दर पावसाळ्यात थोडं सरकतं तसे ठसे रोज किंचित सरकतात. म्हणून आजवरचे सगळे ठसे एका डेटाबेसमध्ये सांभाळून ठेवायचे आणि कालच्यावरून आजचा ओळखायचा. तो डेटाबेस म्हणजे हा कोनाड्यातला डबा. मनातले ठसे घराबाहेर नेता कामा नयेत असा कायदा झाला होता, म्हणून तो घरातच होता आणि त्याची दुसरी प्रत कंपनीकडेसुद्धा नव्हती. फक्त आवाजाचा चढउतार त्या डब्यावर अवलंबून नव्हता. स्वर वर न्यायचा की खाली हा हुकूम साधा असतो. तो चकतीच्या चकतीतच ओळखला जाई.

अनघा जिल्ह्याच्या दूध संघात डेटाबेस सांभाळायची. संघाचे सर्व्हर तिने एकही कॅन न नासवता नव्या आवृत्तीवर नेले होते. तेव्हा घरच्या डब्याची काळजी दुसऱ्या कुणी घ्यायचा प्रश्नच नव्हता. चैत्रापासून जुन्या आवृत्तीला आधार मिळणार नाही, असे निरोप कंपनीकडून येत होते. रामनवमीला देवळात बुवांचं कीर्तन ठरलेलं. त्याआधी अपग्रेड उरकायला हवं होतं, आणि ते चालू असताना बाबांची वाचा बंद राहणार, हे तिला खुपत होतं. मग तिला एकदम सुचलं. फाल्गुनातली वद्य एकादशी. बुवा एकादशीला मौन धरत. तिच्या जन्माच्या आधीपासून धरत. त्या दिवशी वाचा बंद राहिली तर कुणाचं काय अडणार?

दशमीला तिने विचारलं तेव्हा बुवा म्हणाले होते, "कर की. मी गप्पच असणार. गप्प माणसाचं तोंड बंद केलं तर त्याला कळतंय कुठे?"

आणि मग म्हणाले होते, "अनू, द्वादशीला पारणं झालं की जरा बस माझ्यापाशी. तुला एक सांगायचंय."

"आत्ताच सांगा की."

"आत्ता नको. एक दिवस मनात मुरू दे. कच्चं वाढू नये."

आता द्वादशी होती आणि डबा उठत नव्हता.

अनघाने डिस्क तपासली, जागा होती. मेमरी तपासली, ठीक होती. जुन्या सेटिंगांपैकी एखादं नव्या आवृत्तीला पटत नाही असं दूध संघात झालं होतं, म्हणून तिने ती फाईल ओळ न् ओळ पाहिली. दोन जुन्या ओळी काढल्या. दिवा लागला, विझला. मग ती लॉगमध्ये खोल उतरली, तेव्हा एक विचित्र तक्रार दिसली: सूचीतल्या एका चावीखाली मर्यादेबाहेर नोंदी, सूची उघडता येत नाही.

पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते, कुठला शब्द कुठल्या पानावर. समजा सगळ्या पुस्तकाची पानं एकाच शब्दासमोर लिहिली गेली, तर त्या ओळीला कागद पुरायचा नाही. तसंच काहीसं झालं होतं. का झालं, ते नंतर बघू, असं म्हणून तिने मर्यादा वाढवली आणि पुन्हा बटण दाबलं.

दिवा लागला. थरथरला. आणि तसाच राहिला, स्थिर, समईच्या ज्योतीसारखा.

अनघाने नकळत हात जोडले. "बोला बाबा. कसं वाटतंय?"

खुर्चीच्या हातावरच्या स्पीकरमधून बुवांचा आवाज आला. तोच भरदार, किंचित घोगरा. "राम."

ती हसली. "हो, पारण्याआधी नाम. बरोबर आहे तुमचं. आता बोला."

"राम."

"बाबा, चेष्टा नको हं. माझा जीव टांगणीला लागलाय."

"राम," बुवा म्हणाले. या वेळी शब्द शेवटाला वर उचलला गेला होता, प्रश्नासारखा. मग पुन्हा, घाईने, "राम, राम राम राम," आणि मग ते थांबले. अनघाने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. बुवा चेष्टा करत नव्हते. आपल्याच आवाजाकडे ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते.

निवलेलं वरण नळीतून द्यायचं राहून गेलं.

कंपनीचा माणूस पडद्यावर आला तो नागपूरचा, निनाद वैरागडे. पोरगेला, सौम्य, मागच्या भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. त्याने अनघाने पाठवलेला लॉग बराच वेळ वाचला. मग त्याने चष्मा काढला.

"ताई, काल जुळणीचा दिवस होता ना. अपग्रेडमध्ये कानामागच्या चकतीचा प्रोग्रॅमही बदलतो. नवी चकती सिग्नल वेगळ्या मापात पाठवते. म्हणून पहिला दिवस जुना आणि नवा प्रोग्रॅम दोन्ही सोबत ऐकतात. जुना म्हणतो, हा अमुक शब्द. नवा म्हणतो, बरं, माझ्या मापात तो असा दिसतो. अशा जोड्या लागल्या की नवा नकाशा तयार. म्हणून आम्ही सूचनेत लिहिलंय, पहिला दिवस नेहमीसारखा जाऊ द्या."

"नेहमीसारखाच गेला. काल एकादशी होती. बाबांचं मौन होतं."

"मौन म्हणजे गप्पच ना जी? गप्प राहिले असते तर यंत्र थांबलं असतं. शब्द येईपर्यंत वाट पाहिली असती. पण इथं तर पहाटेपासून सारखं काहीतरी येऊन राहिलं होतं. एकच एक. दिवसभर. बाबा करत काय होते?"

"नाम घेत होते," अनघा म्हणाली.

"मनात?"

"उपांशु. म्हणजे आवाज नाही, पण ओठ आणि जीभ हलवायची. तसाच जप करतात ते, म्हणून एकादशीला स्पीकर बंदच ठेवते मी. ओठ आता हलत नाहीत, पण..."

"पण हुकूम तर निघतो," निनादने वाक्य पुरं केलं.

जुन्या नकाशाला दिवसभर एकच शब्द ओळखू आला, आणि नव्या नकाशाने जो जो ठसा दिसला तो त्याच शब्दाला बांधून टाकला. उच्चारांतले बारीक फरक, श्वासाच्या जागा, दमल्यावर येणारं कंपन, सगळ्यासगळ्याला एकच नाव. मग दिवस संपला आणि नकाशा पक्का झाला.

"माझ्याकडे बॅकअप आहे," अनघा म्हणाली. "मी बॅकअपशिवाय कशाला हात लावत नाही. जुनी आवृत्ती परत चढवते."

"चढेल ना. सर्व्हर सुरूही होईल. पण चकती मागे जात नाही, ताई. माणसाच्या डोक्याशी जोडलेल्या वस्तूत जुना, भोकं असलेला प्रोग्रॅम परत घालायला बंदी आहे. जुना प्रोग्रॅमही जुळणीचा दिवस संपताच स्वतःला पुसून घेतो. बाहेरच्याला कुणाच्या डोक्यात शिरता येऊ नये म्हणून."

तरी तिने जुनी आवृत्ती चढवून पाहिली. ती सुरू झाली, बुवांच्या हजारो शब्दांचा कोश जसाच्या तसा उघडला, आणि चकतीकडून येणाऱ्या एकाही सिग्नलला ओळख दाखवेना. जुन्या घराची किल्ली हातात होती, आणि कुलूप बदललं होतं.

नवा नकाशा पहिल्यापासून करायचाही प्रयत्न झाला. निनाद रोज पडद्यावर येई, अनघा वाक्य वाचे, बुवा ते मनाने म्हणत. पण पूर्वी शब्द कोणता आणि ठसा कोणता हे सांगायला तोंड साक्षीला होतं. आता ते नव्हतं. शिवाय गेल्या वर्षभरात ठसे फार पुसट झाले होते. जुना कोश त्यांना इतक्या दिवसांच्या सहवासाने ओळखत होता, झिजलेल्या नाण्यावरचा राजा घरच्याच माणसाला ओळखू यावा तसा. नवख्याला त्यात काही दिसेना. पाडव्याला निनादने हात टेकले. त्याचं सांत्वनही अनघालाच करावं लागलं.

डोळ्यांनी अक्षर टिपणारा पडदा पूर्वीच आणून झाला होता. बुबुळं एका जागी ठरत नव्हती. मग अनघाने मुळाक्षरं म्हणायला सुरुवात केली. क, ख, ग. पापणी मिटली की ते अक्षर. पहिल्या दिवशी 'मला' एवढं जमलं आणि पापण्या थकून अर्ध्यावर उतरल्या. दुसऱ्या दिवशी पहिलं अक्षर 'ज' आलं. ते कालच्या 'मला'च्या पुढचं की नव्या वाक्यातलं, हे विचारून घेण्यातच त्या दिवसाचं बळ संपलं.

"दशमीला म्हणालात ते सांगताय?" तिने विचारलं.

एकदा मिटली. होय.

"आईबद्दल आहे?" नाही. "घराबद्दल?" नाही. "माझ्याबद्दल?"

पापणी मिटली आणि उघडलीच नाही. बुवांना झोप लागली होती.

मास्तर आले ते अशाच एका दुपारी. दस्तगीर मास्तर म्हणजे बुवांचे पेटीवाले. बुवांनी ज्या ज्या गावी कीर्तन केलं त्या त्या गावी त्यांच्या डाव्या हाताला मास्तरांची पेटी होती. एकादशीला बुवा मौनात असले की मास्तर यायचं टाळत. म्हणत, न बोलणाऱ्या माणसाकडे चहा प्यायला मजा येत नाही.

खुर्चीशेजारी स्टूल ओढून ते बसले. "काय बुवा. ऐकतोय ते खरं का?"

"राम," बुवा म्हणाले.

"हम्म." मास्तरांनी मान तिरकी केली. "पुन्हा म्हणा."

"राम."

"पोरी, सूर कुठे हललाय? काळी दोन. पहिल्यापासून हीच पट्टी. पट्टी सुटली नाही म्हातारबाची." मग बुवांच्या गुडघ्यावर थाप मारून ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सांगत होतात ना, बाकी सगळं सोडा, एक नाम धरा. आता धरा. तुमचं ऐकलं देवानं, आणि जरा जास्तच मनावर घेतलं."

बुवांची छाती हलली. स्पीकरमधून "राम, राम, राम" असं तुटक तुटक आलं. ते हसत होते. अनघाही त्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेली, कारण डोळे ऐकेनात.

चहा घेऊन ती परतली तेव्हा दोघांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. मास्तर बोलत होते, बुवा एकाच शब्दाने उत्तर देत होते. शब्द कधी खाली बसे, कधी वर जाई, कधी मध्येच थबके.

"तुम्हाला कळतं, मास्तर?" तिने हळूच विचारलं.

"राग आहे की लोभ, एवढं कळतं. काय म्हणतात ते नाही कळत." त्यांनी बशीत चहा ओतला. "पेटीवाल्याला तरी पूर्वी कुठे सगळं कळायचं? पण तेव्हा दुसऱ्या दिवशी विचारता यायचं, बुवा, काल ते काय म्हणालात."

रामनवमी चार दिवसांवर आली तेव्हा देवळाचा कारभार बघणारे आप्पा कुंभोजकर घरी आले. गावात पत्रिका गेल्या होत्या. त्याच वेळी निनादनेही एक उपाय सुचवला होता, जरा चाचरतच. कंपनीकडे एक अंदाजक होता. बुवांची जुनी ध्वनिमुद्रणं, जुनी वाक्यं, समोर कोण आहे, प्रसंग काय आहे, आवाजाचा चढउतार कसा आहे, एवढ्यावरून माणसाला काय म्हणायचं असेल ते तो ओळखायचा आणि बोलून टाकायचा. ठसा पुसट असला तरी अडत नसे.

"बरोबर ओळखतो?" अनघाने विचारलं होतं.

"शोभेल असं बोलतो," निनाद म्हणाला होता. तो प्रामाणिक मुलगा होता.

आप्पांच्या समोरच, मास्तरही बसलेले असताना, तिने अंदाजक सुरू केला. बुवांचा आवाज खोलीभर पसरला.

"या आप्पा. बसा. देवळाला रंग दिलात म्हणे. देव ओळखेल ना आपलं घर?"

आप्पांचा हात तोंडावर गेला. मास्तर स्टुलावरून अर्धवट उठले. आप्पा म्हणाले, "बुवा, नवमीला निरूपण काय घेणार?" आणि आवाजाने निरूपणच लावलं. राजवाड्यात जन्मलेला देव वनात का गेला, याचं असं रसाळ, असं बुवांच्या वळणाचं निरूपण, की मध्ये श्वास घ्यायची जागासुद्धा त्यांचीच होती. आप्पांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. अनघा जमिनीवर बसून ऐकत होती. तिला वाटलं, झालं, सुटलो. काही का असेना, बाबा परत आले.

आप्पा आनंदाने निघून गेले. ती खुर्चीपाशी गेली, बुवांच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मी फार घाबरले होते."

आवाज मऊ झाला. "अनू, तुझी काही चूक नाही, बाळ. तू माझ्यासाठीच तो दिवस निवडलास. मनाला लावून घेऊ नकोस."

ज्या वाक्यासाठी ती इतके दिवस आतल्या आत तहानलेली होती, ते हेच वाक्य होतं. शब्दसुद्धा हेच. तिने डोळे मिटून ते अंगभर जिरू दिलं. आणि मग, डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईची सवय म्हणा की बुवांच्या मुलीची, पडताळल्याशिवाय तिला राहवेना.

"बाबा, हे तुम्ही म्हणालात?"

बुवांची पापणी मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

नाही.

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. अनघाला वाटलं, पापणी दमून मिटली असेल. तिने परत विचारलं. परत तेच, सावकाश, स्पष्ट: नाही.

"मग निरूपण? तेही नाही?"

नाही.

"माझ्यावर राग आहे तुमचा?"

पापण्या हलल्या नाहीत. बुवा तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात होयही नव्हतं, नाहीही नव्हतं. त्या प्रश्नाचं जे काही उत्तर होतं ते बरंच लांब असावं. त्यात दशमीची ती गोष्ट असावी, कदाचित थोडा रागही असावा आणि तो कुठे नेऊन ठेवायचा याचा शहाणपणा असावा. एका मिटण्यात आणि दोन मिटण्यांत ते मावत नव्हतं.

स्पीकर मात्र भरभरून बोलत होता. "राग कसला, पोरी? लेकरावर कुणी रागावतं का?"

"बंद कर ते," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला तिने ऐकला नव्हता, आताही चढला नाही. "मी पेटी बुवांच्या मागे धरतो. याच्या मागे नाही धरायचा."

"बंद करू, बाबा?" तिने विचारलं.

एकदा. होय.

तिने अंदाजक बंद केला. एवढं गोड बोलणारं कुणी घरातून हाकलून लावायचं, तेही कायमचं, आणि बदल्यात घरात काय ठेवायचं, तर एक शब्द.

आप्पांना तिने कळवलं तेव्हा ते नाराज झाले. "अहो, लोकांना काय कळणार आहे?" ते म्हणाले. "भाव महत्त्वाचा."

"भाव बाबांचा नव्हता, आप्पा."

शेवटी ठरलं असं, की उत्सवाचं कीर्तन इचलकरंजीहून येणाऱ्या बाई करतील, आणि जन्माच्या वेळी बुवांना गादीशेजारी बसवायचं. त्यांचा इतक्या वर्षांचा मान होता.

नवमीला देऊळ ओसंडत होतं. बायका पाळण्याला फुलं बांधत होत्या, सुंठवड्याचा वास सभामंडपभर पसरला होता. बाईंनी जन्माचं आख्यान सुरेख रंगवत आणलं. सूर्य डोक्यावर आला, झांजा थांबल्या, आणि दोन्ही हातांत फुलं घेऊन माणसं त्या एका क्षणासाठी श्वास धरून उभी राहिली. बाईंनी जरा थांबून बुवांकडे बघितलं आणि नमस्कार केला. मास्तरांनी काळी दोनचा स्वर दाबून धरला.

"राम," बुवा म्हणाले.

सगळं देऊळ उसळलं. फुलं उधळली, घंटा वाजल्या, पाळण्याची दोरी ओढली गेली. माणसं रडत होती. आजाराने सगळं नेलं, पण नाम नेता आलं नाही, असं एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, आणि शेजारी मान डोलवत होता. बुवांच्या पायांवर डोकी टेकू लागली. बुवा म्हणत होते, "राम. राम राम."

अनघा खुर्चीला टेकून उभी होती. तिलाही क्षणभर वाटलं, याहून मोठं बोलणं काय असणार? तिने त्या शब्दाला मनापासून हात जोडले. आणि मग तिला ऐकू आलं, की शब्द शेवटाला वर जातो आहे. प्रश्नासारखा. दुसरा घाईचा. तिसरा तुटका.

ती वाकली. बुवांचे डोळे देवाकडे नव्हते, पाळण्याकडेही नव्हते. तिलाच शोधत होते.

"पाणी हवंय, बाबा?" नाही.

"दुखतंय कुठे?" नाही.

"गर्दी नको वाटते? घरी जाऊ या?" नाही.

"राम," बुवा म्हणाले. खालच्या स्वरात, समजावणीच्या.

"दशमीचं ते? तेच सांगताय?"

होय.

आजूबाजूला आरती सुरू झाली होती. कुणीतरी तिच्या तळहातावर सुंठवडा ठेवला. तिने चेहरा बुवांच्या चेहऱ्याजवळ नेला, अगदी लहानपणी गलबल्यात त्यांचं बोलणं ऐकायला न्यायची तसा, आणि ते सांगत राहिले. त्यात कुठे विनवणी होती, कुठे दटावणी, कुठे विनोद झाल्यासारखा स्वर हलका होऊन परत येत होता. एक अख्खी गोष्ट होती ती, सुरुवात असलेली, मध्य असलेली. शब्द एकच होता. तिने एकही 'राम' सुटू दिला नाही. शेवटी स्वर खाली येऊन स्थिरावला, सांगून झाल्यासारखा, आणि बुवा तिच्याकडे वाट बघत राहिले.

मास्तर पेटीचा भाता बंद करत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांनाही नव्हतं कळलं.

तिने बुवांचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला.

"मला कळलं नाही, बाबा," ती म्हणाली.

बुवांची पापणी सावकाश मिटली, आणि सावकाश उघडली. एकदाच.